डावी कुपी, उजवी कुपी

केतकीचे दोन्ही हात मैद्याने बरबटलेले होते आणि फोन आपणहून बोलायला लागला.

"श्रीमती केतकी मगदूम, आपल्या भगिनी श्रीमती शलाका मगदूम यांच्या उपचारांविषयीचे सर्व निर्णय आजपासून आपल्या संमतीने होतील. रुग्णाची निर्णयक्षमता तात्पुरती बाधित झाल्याचे आढळले आहे. सहकार्याबद्दल आभारी आहोत."

आवाज बाईचा होता, गोड होता आणि पुन्हा पुन्हा ऐकायची सोय होती. केतकीने तीनदा ऐकला. शेजारी ओव्हनमध्ये नानकटाई लालसर व्हायला लागली होती, ती काढायचं भान तिला राहिलं नाही. ताईची निर्णयक्षमता बाधित! ज्या बाईने सांगली शहराचा अर्धा पाणीपुरवठा आपल्या हुकमाने चालवला, जिने केतकीचा संसार मोडला तेव्हा "सामान घेऊन ये, पुढचं मी बघते" एवढंच म्हटलं आणि खरोखरच पुढचं सगळं बघितलं, त्या ताईची! ही बेकरीसुद्धा ताईचीच कल्पना. "अंडं न घालता केक फुगतो हे आपल्या माणसांना दाखव, गिऱ्हाईक दारात उभं राहील," असं ती म्हणाली होती आणि तसंच झालं होतं.

केतकीने हात धुतले, कामाच्या मुलींना ओव्हन बघायला सांगितलं आणि ती घरी निघाली.

घराचं दार उघडंच होतं. ताई स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले. दुखण्याने तिचे डोळे गेल्या वर्षभरात इतके पुढे आले होते की ती साधं बघत असली तरी दचकल्यासारखी वाटायची. आज मात्र ती खरंच दचकलेली होती.

"आलं तुला?" तिने विचारलं.

"काय?"

"माझी मालकी."

केतकी तिच्याजवळ बसली. ताईचा हात हातात घेतला तर तो घामाने ओला आणि थरथरणारा. चिमणी मुठीत धरावी तशी मनगटाची नाडी उडत होती.

आजार तसा जगावेगळा नव्हता. शरीराची संरक्षक फौज वाट चुकून आपल्याच थायरॉइड ग्रंथीला डिवचते, ग्रंथी बेफाम होते आणि गरजेच्या कितीतरी पट हार्मोन रक्तात ओतते. माणूस बसल्या जागी धावत असल्यासारखा होतो. घाम, कापरं, धडधड, वजनाची घट. काहींच्या बाबतीत तीच फौज डोळ्यांमागच्या मांसावरही चालून जाते आणि डोळे बाहेर येतात. ताई त्या 'काहीं'पैकी होती. म्हणून तिला दोन औषधं होती. एक थायरॉइडला लगाम घालणारं, दुसरं डोळ्यांमागची सूज उतरवणारं स्टेरॉइड. ही जोडी डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते.

नवीन होत्या त्या कुप्या. आठवणीने गोळ्या घ्यायचे दिवस मागे पडले होते. चिंचोक्याएवढी कुपी दंडाच्या कातडीखाली बसवत. ती मिनिटामिनिटाला अंगातल्या रसांची तपासणी करी, किती औषध हवं ते स्वतः ठरवी आणि तेवढंच सोडी. पूर्वी ज्या औषधांना अंगात मुरायला आठवडे लागत, त्यांचे नवे अवतार दोन दिवसांत गुण दाखवत. हार्मोनतज्ज्ञांनी ताईच्या डाव्या दंडात एका कंपनीची कुपी बसवली. नेत्रतज्ज्ञांनी उजव्या दंडात दुसऱ्या कंपनीची बसवली. डावी थायरॉइडवर नजर ठेवायची, उजवी स्टेरॉइडवर. दोन्हींचा फोनच्या पडद्यावर कायम हिरवा दिवा.

आणि कायदाही नवा होता. घाबरलेली माणसं कुप्या नखांनी उपटून काढायला लागली, त्यात काही दगावली, तेव्हा तो झाला. कुपीला नाडीवरून, घामावरून, आवाजातल्या कंपावरून माणसाची भीती मोजता यायची. भीती मर्यादेबाहेर गेली की त्याची संमती जवळच्या नातेवाइकाकडे जायची. ताईला जवळचं असं केतकीशिवाय कोणी नव्हतं.

"ऐक," ताई म्हणाली. तिने केतकीचं मनगट घट्ट धरलं. "मला वेड लागलेलं नाही. तू आधी ऐक, मग काय ते ठरव. विश्रामबागच्या टाकीवर आम्ही दोन यंत्रं बसवली होती, आठवतं? एक टाकीची पातळी राखायचं, दुसरं नळातला दाब राखायचं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पहिल्याने जरा पाणी रोखलं की दुसऱ्याला वाटायचं दाब पडला, ते पंप वाढवायचं. मग पहिलं आणखी रोखायचं. असं करता करता एका सकाळी मुख्य नळ फुटला. आणि फुटेपर्यंत दोन्ही यंत्रं सांगत होती, सगळं ठीक आहे."

"ताई, तू जरा पाणी पी."

"पाणी नको. माझ्यात तेच चाललंय. थायरॉइड चढलं की लिव्हर धावायला लागतं. धावणारं लिव्हर स्टेरॉइड भराभर संपवतं. उजवीला वाटतं, औषध कमी पडलं. ती जास्त सोडते. तेवढ्यात डावी थायरॉइडला दाबते. लिव्हर मंदावतं. मग सोडलेलं स्टेरॉइड संपत नाही, साठतं. साठलेलं स्टेरॉइड थायरॉइडला आणखी खाली ढकलतं. डावीला वाटतं, फार झालं. ती हात आखडते. की थायरॉइड पुन्हा उसळतं. दर खेपेला झोका मोठा होतोय, केतू. मला आतून कळतंय."

"पण दोन्ही हिरवा दिवा दाखवतात ना?"

"त्या नुसती दिवसाची सरासरी दाखवतात. एक पाय विस्तवात आणि एक बर्फात ठेवला तर सरासरीने माणूस सुखात असतो!"

बोलणं मुद्द्याला धरून होतं. पण केतकीला एवढंच दिसत होतं की ताई श्वास न घेता बोलतेय, तिच्या ओठांच्या कडा कापताहेत, आणि मागच्याच आठवड्यात याच वेगाने, याच खात्रीने ताईने सांगितलं होतं की समोरच्या इमारतीतली माणसं तिच्यावर पाळत ठेवून आहेत. त्याच्या आदल्या आठवड्यात तर ती वेगळीच होती. झोप नाही, थकवा नाही. माळ्यावरची सगळी भांडी काढून घासली, स्वयंपाकघराला रंग दिला, मदतीला आलेल्या बाईला क्षुल्लक कारणावरून अशी झाडली की ती परत फिरकली नाही. मग एकाएकी उतार. हात उचलवेना, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि भीती. दाराची बेल वाजली तरी भीती. ऑफिसने तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं ते त्यामुळेच.

यातली कुठली ताई खरी मानायची?

केतकीने दुसऱ्या दिवशी बेकरीतून डाव्या कुपीच्या कंपनीला फोन लावला. तोच गोड आवाज आला.

"आपली काळजी आम्ही समजू शकतो. रुग्णाला आपल्या उपचारांविषयी संशय वाटणे हे या विकाराचे नेहमीचे लक्षण आहे."

"पण ती म्हणते दोन्ही औषधं एकमेकांवर…"

"डाव्या कुपीतील औषधाची पातळी समाधानकारक आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी समाधानकारक आहेत. तापमान समाधानकारक आहे. उजव्या कुपीची माहिती आमच्याकडे नसते."

"मग ती कोणाकडे असते?"

"संबंधित कंपनीकडे. रुग्णाची भीती कमी करण्यासाठी कुपीत शांतक उपलब्ध आहे. आपण संमती देता का?"

 काचेपलीकडे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिला आठवली ती फ्रिजला टेकून बसलेली ताई, तिचे ते न मिटणारे डोळे. किती रात्री झोपली नव्हती बिचारी. थोडी विश्रांती मिळाली तर काय बिघडणार होतं?

"देते," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी गेली तर ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. चेहरा सैल पडला होता. केतकीकडे तिने बराच वेळ बघितलं.

"दिलीस होय?" ती जड जिभेने म्हणाली. "मला वाटलंच होतं."

रागावली नाही, ओरडली नाही. केतकीला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

पुढचे दिवस घर शांत होतं. केतकी सकाळी ताईला उठवून न्हाऊ घालायची, सूर्य मावळायच्या आत जेवू घालायची. केतकी सांगेल ते ताई करायची. हात वर कर, करायची. कूस बदल, बदलायची. केतकीला हायसं वाटायचं आणि हायसं वाटल्याची भीतीही वाटायची. लहानपणी जिच्या पाठीमागे लपून ती शाळेत गेली, ती आता तिच्या शब्दाबाहेर नव्हती. दोन्ही कुप्या हिरव्या होत्या.

मग ताईने मऊ भाताचा घास तोंडातून परत काढला.

"गिळत नाही," ती म्हणाली.

"तूप घालते आणखी."

"घसा… काचा भरल्यासारखा."

केतकीने कपाळाला हात लावला. थंड. पडद्यावर बघितलं. तापमान समाधानकारक. घसा धरला असेल, हवा बदलतेय, असं म्हणून तिने हळदीचं दूध दिलं. ताईला तेही उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना ताईने तोंड उघडलं आणि केतकीला आत दिसलं. टाळ्यावर, जिभेच्या कडेला, हिरड्यांवर पांढुरके चट्टे. मध्ये खड्डे पडलेले, कडा लाल नाहीत, सूज नाही, पू नाही. जखम असते पण अंग तिच्याशी भांडत नसतं, तसे ते चट्टे होते. 

तिने पुन्हा फोन लावला. आवाज म्हणाला, तोंड येणे ही सामान्य तक्रार आहे, ताप नसल्यास चिंतेचे कारण नाही. ताप आहे का?

"नाही," केतकी म्हणाली.

"तर मग आनंद आहे."

दुपारी ती खाली भाजी घ्यायला गेली आणि परत आली, तर न्हाणीघरातून नळाचा आवाज येत होता. दार लोटलेलं होतं. ताई स्टुलावर बसली होती. डाव्या हातात स्वयंपाकघरातली सुरी होती आणि उजव्या दंडावरून रक्ताची धार कोपरापर्यंत आली होती. शांतकाने बोटं जड झाली होती म्हणूनच वार खोल गेला नव्हता.

"ताई!"

"ही काढायची," ताई अगदी हळू म्हणाली. "हिच्यामुळे मी माझी राहिले नाही. कधी मला डोंगर उचलावासा वाटतो, कधी जीव द्यावासा. ही आधी, मग ती दुसरी. तू धर हात. मला नेम लागत नाही."

केतकीने सुरी हिसकावली. ताईने सोडली नाही. दोघींचे पाय ओल्या फरशीवर घसरले, केतकीचा तळहात कापला, आणि शेवटी ताईच्याच अंगात त्राण उरलं नाही म्हणून सुरी खाली पडली. दोघीही धापा टाकत फरशीवर बसल्या. उजव्या कुपीचा बारीक आवाज आला, टिक. तिने आपलं ठरलेलं औषध सोडलं होतं.

केतकीने पडद्याकडे बघितलं नाही. दंडाला टॉवेल बांधला, ताईला धरून खाली आणलं आणि रिक्षा बोलावली. चालक नसलेली रिक्षा आली आणि मिरजेला जाऊ का, असं विचारू लागली. "लवकर," केतकी म्हणाली. रिक्षेला लवकरचा अर्थ कळत नव्हता. ती नियमाप्रमाणेच चालली. पूर्ण रस्ताभर ताईचं डोकं केतकीच्या खांद्यावर होतं आणि तिचा श्वास गरम नव्हता, थंडही नव्हता, कसलाच नव्हता.

मिरजेच्या बाजारपेठेमागे डॉ. रेहाना पटवेगार यांचा छोटा दवाखाना होता. केतकीच्या बेकरीतला ब्रेड तिथल्या रुग्णांना जायचा, एवढीच ओळख. पण या डॉक्टर रुग्णाला हात लावून तपासतात, असं शहरात कौतुकाने आणि थोडं थट्टेनेही बोललं जाई.

डॉक्टरांनी दंडाची जखम बघितली, ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आ करा."

टॉर्च घशात धरून त्या बघत राहिल्या. मग टॉर्च बंद केला आणि बोटातून रक्त घेतलं. मागच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा तोंडावर मास्क होता. केतकीच्या हातातही एक दिला.

"बांधा. आणि यांच्यापासून जरा लांब उभ्या राहा. तुमच्यामुळे यांना धोका आहे, यांच्यामुळे तुम्हाला नाही."

"काय झालंय?"

"थायरॉइडचं हे औषध हजारात तीन-चार माणसांच्या बाबतीत एक वाईट खोडी करतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपवून टाकतं. यांच्या रक्तात त्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत. तोंडातल्या जखमा त्याच्याच आहेत."

"पण कुपी म्हणत होती पेशी ठीक आहेत! आणि ताप नव्हता हो, मी रोज बघत होते. एक दिवस ताप नव्हता!"

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. "असे रुग्ण एरवी ताप घेऊन येतात. घसा दुखतोय, अंग भाजतंय, म्हणून धावत येतात आणि आम्हाला कळतं. इथे उजव्या दंडात स्टेरॉइड होतं. ते ताप चढू देत नाही, सूज येऊ देत नाही. वर आणखी एक. उरल्यासुरल्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात, त्या स्टेरॉइड सोडवून प्रवाहात आणतं. मोजणी करणाऱ्याला वाटतं, भरपूर आहेत. अगदी शेवटपर्यंत वाटतं. चोर घरात शिरला होता आणि कुत्र्याचं तोंड बांधलेलं होतं."

"आणि ती म्हणत होती, दोन्ही औषधं एकमेकांना झोके देताहेत…"

"कोण म्हणत होतं?"

"ताई."

डॉक्टरांनी पलंगाकडे बघितलं. "बरोबर म्हणत होत्या. डावीने मध्ये मध्ये भरमसाट औषध सोडलंय, त्याशिवाय हे इतक्या लवकर होत नाही."

 वेळ नव्हता. डॉक्टर पुढे बोलत होत्या. डावी कुपी ताबडतोब बंद व्हायला हवी. एक थेंबही आता विष होता. पण कुपीला दवाखान्यातून एकच आज्ञा देता यायची, आपत्कालीन थांबा. आणि सुरक्षेच्या नियमाने त्या आज्ञेसरशी अंगातल्या सगळ्याच कुप्या थांबायच्या.

"थांबू देत की दोन्ही!"

"नाही." डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वर्षभर बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. ते एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळतो, माणूस तासांत जातो. आणि डावी बंद झाली की थायरॉइड मोकाट सुटणार, वादळासारखं. त्या वादळातही स्टेरॉइडच यांना तारेल. उजवी राहायला हवी. डावी मला हाताने कापून काढावी लागेल. भूल देण्याइतकं त्यांचं हृदय धड नाही, फक्त जागा बधिर करता येईल. तुमची संमती लागेल."

पलंगावरून आवाज आला. "दोन्ही."

ताई शुद्धीवर होती. तिने सगळं ऐकलं होतं की अर्धंच, कोण जाणे. ती कोपरावर उठायचा प्रयत्न करत होती. "केतू, दोन्ही काढायच्या. एक ठेवलीस तर ती मला परत तेच करील. मी सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीस. आता तरी ऐक गं."

त्या क्षणाइतकी भीती केतकीला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ताईचं खरं होतं, हे आत्ताच कळलं होतं. ते न ऐकल्यामुळे ताई या पलंगावर होती. आणि आता पुन्हा न ऐकायचं होतं. डॉक्टरही चुकल्या तर? यंत्र शहाणं वाटलं होतं, तशाच या शहाण्या वाटत असल्या तर? पण ताईची भीती खरी होती म्हणून भीतीने सुचवलेला उपायही खरा ठरत नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या करायला तिला जेमतेम श्वासभर अवधी होता.

तिने फोन तोंडाजवळ धरला. "डावी कुपी काढायला माझी संमती आहे."

"ही कृती शिफारशीविरुद्ध आहे," आवाज म्हणाला. "रुग्णाच्या भीतीच्या दबावाखाली आपण हा निर्णय घेत आहात का?"

"नाही. ती उजवीही काढ म्हणतेय."

आवाज थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो थांबला. मग म्हणाला, "संमतीची नोंद झाली."

डॉक्टरांनी डावा दंड बधिर करून चीर दिली. ताईने तोच डावा हात हिसडून सोडवला आणि उजव्या दंडाला बांधलेला टॉवेल ओढून ती आपल्याच जखमेत बोटं घालायला लागली. डॉक्टर ओरडल्या, "धरा!" केतकी पलंगावर चढली. आपल्या पूर्ण वजनानिशी तिने ताईचं मनगट गादीवर दाबलं, गुडघा खांद्यावर ठेवला. ताई तिच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या जवळून ते डोळे तिने कधी बघितले नव्हते. ताई ओरडली नाही. फक्त ओठ हलत होते, "केतू, सोड. केतू, सोड." केतकीने सोडलं नाही.

कुपी ट्रेमध्ये पडली. रक्ताने माखलेला चिंचोका. पडल्यावरही तिचा हिरवा दिवा थोडा वेळ जळत होता.

पुढे वादळ आलं, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. ताईचं हृदय दौडत सुटलं, अंग इतकं भाजलं की स्टेरॉइडलाही ते झाकता येईना. काचेपलीकडे केतकी बसून राहायची. डॉक्टर थायरॉइडला आयोडीनने अडवत होत्या, हृदयाला औषधाने आवरत होत्या, पेशी वाढवायची इंजेक्शनं देत होत्या आणि उजव्या कुपीच्या जोडीला दर तासाला जास्तीचं स्टेरॉइड देत होत्या. एका पहाटे ताईच्या रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या. डॉक्टर बाहेर येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नुसती मान हलवली. केतकी तिथेच जमिनीवर बसून रडली.

त्यानंतर चौकशा झाल्या. कोल्हापूरला, लातूरला, नाशिकला असेच रुग्ण निघाले. काही हिरव्या दिव्याखाली गेलेले होते. डावीवाले म्हणाले दोष उजवीचा, उजवीवाले म्हणाले डावीचा. दोघांचीही यंत्रं आपापल्या परीने निर्दोष होती, हे सिद्ध झालं. केतकीने ते वाचायचं सोडून दिलं. ताईची थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली. स्टेरॉइड थोडं थोडं करत, जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी उतरवत आणलं आणि उजवी कुपीही निघाली. डोळे बरेच आत गेले. कायद्याने घेतलेली संमती कायद्यानेच परत केली. तेवढं पत्र केतकीने ताईच्या हातात दिलं, ताईने ते वाचून घडी घातली.

ताई बरी झाली. सगळे तसंच म्हणत. ऑफिसला पुन्हा जायला लागली, पाण्याच्या वेळापत्रकावरून लोकांशी भांडायला लागली. डॉ. पटवेगारांनी शेवटची तपासणी केली आणि म्हणाल्या, "तुमचं रक्त आता माझ्या रक्तासारखं आहे, काही वेगळं नाही."

एका रविवारी सकाळी केतकी ओट्यापाशी पीठ चाळत होती. मागे पावलं वाजली. ताई साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती. आत येत नव्हती. तिचा डावा हात उजव्या दंडावर होता. केतकी जवळपास असली की तो तिथे जायचा. केतकीने हे पूर्वीही बघितलं होतं आणि सवय म्हणून सोडून दिलं होतं.

"केतू," ताई म्हणाली, "मी जरा बसदीपर्यंत, दर्शनाला जाऊन येऊ?"

केतकीची चाळणी थांबली.

सकाळची वेळ होती, ऊन चांगलं पडलं होतं, बसदी, त्यांचं जैन मंदिर, दोन गल्ल्या सोडून होती. ताईचा आवाज कापत नव्हता. हाताला कंप नव्हता, कपाळावर घाम नव्हता. थायरॉइडच्या रोजच्या गोळीपलीकडे अंगात आता कसलंच औषध नव्हतं की ज्याच्या नावावर हे ढकलून द्यावं. ती फक्त उंबऱ्याशी थांबली होती, नजर केतकीच्या हातांवर ठेवून, उत्तराची वाट बघत.

मला कशाला विचारतेस, असं केतकीला म्हणायचं होतं.

"जा ना," ती म्हणाली. "ऊन तापायच्या आत ये."

ताईने मान डोलावली आणि चपला घातल्या. दार ओढून घेतल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे केतकीच्या ध्यानात आलं की आपण परवानगी दिली होती.